दातच तर आहे!

नाही नाही नाही, काका, आधी तुम्ही! मी थांबतो हो, मला कसली घाई? तुम्ही गाडी उभी करून आलाय, तुमची माणसं खोळंबली असतील, आणि माझं काय, माझं तर आता दुखतसुद्धा नाहीये, खरंच, हा बघा गाल, दाबला तरी काही... आई गं!... नाही, काही नाही, जरा जास्त दाबला गेला. जा तुम्ही, बिनधास्त जा. अहो, गाडी चालवणारी माणसं तुम्ही, घाटात घाबरत नाही आणि इथं घाबरताय? दातच तर आहे!

गेले. बिचारे.

वहिनी, तू दारातून बाजूला हो ना जरा, लोकांना यायला-जायला अडचण होते. नाही होणार? बरं. बघा मंडळी, ही माझी वहिनी. सकाळपासून दारात स्टूल टाकून बसलीये. का? तर मी पळून जाईन म्हणून! मी! ज्यानं तुम्हा सगळ्यांना घरोघरी जाऊन, कोणाला हाताला धरून, कोणाच्या पाया पडून, कोणाला चार शिव्या घालून इथं या बाकावर आणून बसवलं, तो मी पळून जाणार? शोभतं का हे? आणि पळणार कुठून? खिडकीला गज आहेत. मघाशी बघितलं मी. सहज बघितलं.

दातच तर आहे! तुम्हाला सांगतो, हे वाक्य जर मला रस्त्यात माणूस होऊन भेटलं ना, तर मी पहिले त्याचेच दात पाडीन. माझा दादा हेच म्हणायचा. आमचं दुकान तुम्हाला माहीत आहे, वळणावरचं, सीट कव्हरचं. खुर्ची, सोफा, गाडीची सीट, जे काही माणसाच्या बुडाखाली येतं त्याला आम्ही कपडे घालतो. आणि आमच्या धंद्यात दोन हात पुरत नाहीत. एका हातानं रेक्झिन ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे कोणी धरायचे? तोंडानं! मूठभर बारके खिळे गालात भरायचे, जिभेनं एकेक पुढे ढकलायचा, दातात धरायचा, उचलायचा, ठोकायचा, की पुढचा हजर. आणि दादा त्यात असा सराईत, की गालात खिळे ठेवून गिऱ्हाइकाशी भाव करायचा, आईशी भांडायचा, एकदा तर सणसणीत शिंकला, पण एक खिळा खाली पडेल तर शपथ! मला म्हणायचा, 'लेका, आपलं तोंड म्हणजे दुकानातलं कपाट आहे.'

त्या कपाटाची एक फळी किडली. झालं काय, तर एवढंच.

उजव्या बाजूची दाढ. मग दादानं काय करावं? खिळे डाव्या गालात! झाला इलाज! मग पाणी डावीकडून, चहा डावीकडून, झोपायचं डाव्या कुशीवर, अख्खा माणूस डावीकडे कलला. मग लवंग. मग औषधाच्या दुकानातल्या गोळ्या. दुकानदार म्हणतो, 'ही घे, हिनं घोड्याचं दुखणं थांबतं.' थांबलं की! दुखणं थांबलं हो, दाढ कुठे थांबली? ती आत बसून आपलं काम करत होती. आई म्हणायची, 'अरे, दाखव कुणाला तरी.' दाखवायचं कुणाला? दातांचा डॉक्टर शहरात. जाऊन-येऊन दिवस मोडतो, दुकान बंद ठेवावं लागतं, आणि तिथं एकदा आ केला की तो सांगेल ते ऐकायचं, कारण तोंड त्याच्या हातात! दादा म्हणाला, 'हातातलं काम उरकू दे, मग बघू. दातच तर आहे!' आणि हातातलं काम, तुम्हाला सांगतो, कधीच उरकत नाही. एक खुर्ची गेली की दुसरी दारात उभी.

आणि गंमत अशी, की डॉक्टर नव्हता, पण खुर्ची होती! हो, हीच, आत आहे ती. ती आली तेव्हा मी शाळेत जायचो, म्हणजे जायला निघायचो. ट्रकमधून आली. फीत कापली, फोटो काढले, पायानं दाबलं की वर जाते, दाबलं की खाली जाते, डोक्यावर दिवा, बाजूला चूळ भरायला भांडं. सगळं आलं, फक्त तोंडात बघणारा माणूस नाही आला. का? तर म्हणे खुर्चीचे पैसे एका खात्यातून येतात आणि माणसाचे दुसऱ्या. खुर्ची एकदा घेतली की विषय संपला, माणसाला दर महिन्याला द्यावं लागतं! मग काय, राहिली प्लास्टिकमध्ये. दुपारी इथला शिपाई तिच्यात झोपायचा. बघतोय बघा कसा माझ्याकडे, गादी गेली ना त्याची. तो उठला की उंदीर यायचे. उंदरांनी अर्धा फोम खाल्ला, तेव्हा कुठे वरच्यांना आठवण झाली, आणि बोलावलं कुणाला, तर आम्हाला.

म्हणजे बघा, माझा दादा एका हातानं गाल धरून दाताच्या खुर्चीला कव्हर घालत होता! जाड रेक्झिन, दुहेरी शिलाई, कुठे सुरकुती नाही. मग स्वतः आडवा झाला, टोचत तर नाही ना बघायला. पाय लांब केले, वर दिव्याकडे तोंड केलं, मोठ्ठा आ केला आणि मला म्हणतो, 'सगळं झकास बसलंय, लेका. आता तेवढा एक डॉक्टर बसवला की झालं!' आम्ही हसलो. पोट धरधरून हसलो हो...

आले! काका आले! काय झालं? काढला? दुखलं का?... 'हं हं' काय? दुखलं हं, की नाही दुखलं हं? मान तरी नीट हलवा ना, ही हो आहे की नाही आहे? मॅडम! अहो डॉक्टर मॅडम, काकांची जीभ कुठेय?... बोळा? कापसाचा बोळा. चावून धरायचा. बोलायचं नाही, आणि अर्धा-पाऊण तास इथंच बसायचं. बरं. बरं बरं. म्हणजे आत काय झालं ते बाहेर कोणी सांगूच नये, अशी पक्की व्यवस्था आहे ही!

मावशी, आता तुम्ही. नंबर माझा आहे, पण तुमची भाजी सुकेल. नाही, खरंच, माझे खिळे काही सुकत नाहीत. वहिनी, डोळे वटारू नकोस, मोठ्या माणसांना मान द्यायचा असतो, तूच सांगतेस ना? जा मावशी, काही होत नाही, काका बघा कसे धडधाकट... काका, हसा जरा. नको, नका हसू. रक्त दिसतंय.

तर. कुठे होतो मी? खुर्ची. हां, खुर्ची झाली, आणि मग आली बशी! एक दिवस मी दुकानात जातो तर दादानं खिळे बशीत ठेवलेले. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, आमच्या धंद्यात बशीत खिळे ठेवून काम करणं म्हणजे ड्रायव्हरनं गाडी ढकलत नेण्यासारखं आहे! काका, बरोबर ना? गिऱ्हाइकं हसायची, 'काय रे, आज तोंडाला सुट्टी?' दादापण हसायचा, अर्ध्या तोंडानं. उरलेलं अर्धं उघडतच नव्हतं. आधी तोंडात तीन बोटं जायची, मग दोन, मग एक, मग चमचा आडवा जाईना. हनुवटीखाली आधी लिंबाएवढं, मग संत्र्याएवढं, मग हनुवटी कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो तेच कळेना. तेव्हापासून मी रोज सकाळी उठलो की पहिली तीन बोटं तोंडात घालतो. रस्त्यातपण घालतो. परवा पिठाच्या गिरणीत घातली, तर ती बाई मला म्हणाली, 'भूक लागलीये का रे बाळा?'

आणि दादा बोलेना हो. एवढा बोलणारा माणूस, खिळे तोंडात ठेवून बोलणारा, आणि गळ्यातून नुसती घरघर. उचलला आणि नेला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. आणि तिथं, काय विचारता! तिथं सगळं होतं! काचेची खोली, श्वास देणारं मशीन, गळ्याला भोक पाडून घातलेली नळी, एकाच्या जागी चार डॉक्टर, दर तासाला येणारी नर्स, आणि हे सगळं सरकारी, फुकट! दुखत होतं तेव्हा एक माणूस मिळाला नाही, मरायला टेकला तर अख्खी वरात हजर. मी त्यांना काय नावं ठेवणार? जीव तोडून झटले ते. शेवटी एक तरुण डॉक्टर बाहेर आला, मास्क खाली केला, मला म्हणतो, 'सुरुवात दातानं झाली होती ना? वेळेवर तो एक काढला असता तर...' आत काच, काचेच्या पलीकडे दादा, गळ्यात नळी. मशीन बंद केलं. आणि इतकं गप्प झालं, इतकं गप्प...

मी रडत नाहीये. दाढ दुखली की डोळ्यांतून पाणी येतं, आत एकच नस असते. विचारा मॅडमना.

ह्या बघा, मावशीपण आल्या. मावशी? हं? हं. अवघड आहे.

मास्तर, उठा. काय 'मी नंतर'? अहो, अख्ख्या वस्तीला तुम्ही शिकवलं, मला सोडून, आता तुम्हीच मागे राहिलात तर पोरांनी बघायचं कुणाकडे? तुम्ही तर होतात ना त्या सभेत? सांगा यांना, साहेब काय... नको, तुम्ही जा आत, मीच सांगतो.

दादाला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. आरोग्य योजनेचे साहेब आले, लोकांना काय हवं ते विचारायला. मला बोलावलं होतं व्यासपीठाला कापड ठोकायला. मी आपला खाली गुडघ्यावर, गालात खिळे, ठोकतोय. वर साहेब सांगतायत, अगदी गोड आवाज हां, 'बंधू-भगिनींनो, आपल्यासारख्या गरीब देशात साधनं मर्यादित असतात. एक रुपया कुठे टाकला तर जास्तीत जास्त जीव वाचतात, हे बघावं लागतं. ताप आहे, बाळंतपण आहे. दातानं काही कोणी मरत नाही, म्हणून दातांचा नंबर सगळ्यात शेवटी.' मी उठलो. कसा उठलो मला माहीत नाही. ओरडलो, 'माझा भाऊ मेला की!' आणि तोंडात खिळे होते, हे मी विसरलो! टण, टण, टण, सगळे टेबलावर, एक साहेबांच्या पाण्याच्या ग्लासात. साहेब मागे सरकले, त्यांना वाटलं माझेच दात पडले.

'कशानं गेला भाऊ?' मी म्हटलं, 'दातानं!' त्यांनी इथल्या मोठ्या डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, 'गळ्यात पू झाला, रक्तात पसरला, श्वास कोंडला.' साहेब म्हणतात, 'मग दातानं कुठे?' घ्या! म्हणजे काडी पेटवली, घर जळलं, आणि विचारलं कशानं जळलं, तर म्हणायचं आगीनं! काडीचा काय संबंध? आणि पुढच्या वेळी हिशेब करताना सांगायचं, आमच्याकडे काडीनं घर जळाल्याचं उदाहरण नाही, म्हणून काडीवर खर्च नाही. मी व्यासपीठावर चढणार होतो, खरंच चढणार होतो, एवढ्यात मागून आवाज आला. वहिनी. घराबाहेर पडली नव्हती तोवर. उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, 'साहेब, रागावू नका, मला समजत नाही म्हणून विचारते. त्या काचेच्या खोलीत यांच्यासाठी सरकारनं जेवढं घातलं, तेवढ्यात इथल्या किती जणांचे दात बघून झाले असते?'

साहेबांनी चष्मा काढला. मोबाईलवर आकडे मांडले. पुसले, पुन्हा मांडले. माणूस वाईट नव्हता हो, घाम आला त्याला. म्हणाला, 'सगळ्यांचे. पोराबाळांसकट. बरीच वर्षं.' मग म्हणाला, 'पैसे नाहीत असं नाही, ताई. आपण ते शेवटाला ठेवलेत.' आणि एक डॉक्टर कबूल केला. आठवड्यातून एक दिवस, प्रयोग म्हणून. पण म्हणाला, 'मलाही वर दाखवावं लागतं. लोक आले तर कायमचा करतो. खुर्ची रिकामी राहिली तर वरचे म्हणणार, बघा, गरजच नव्हती.'

आणि मग काय झालं? मॅडम आल्या, खुर्ची पुसली, हत्यारं मांडली, आणि कुत्रं फिरकलं नाही! प्रत्येक जण म्हणतो, 'वळणावरचा तो दाताचंच म्हणून दवाखान्यात गेला, परत कसा आला बघितलं ना?' म्हणजे ज्या दादासाठी डॉक्टर आणला, त्या दादाच्या भीतीनंच कोणी येईना! मॅडम आठवडे न् आठवडे एकट्या बसल्या, हे असं गालाला हात लावून. आज शेवटचा दिवस. आज संध्याकाळी त्या वर कळवणार, किती आले. म्हणून तुम्हाला ओढत आणलं. समजलं? नाहीतर मला काय हौस आहे तुमचे जबडे गोळा करायची?

मास्तर! आलात? चालत आलात! कसं होतं आत? एका शब्दात सांगा. एका अक्षरात... अहो, पाठीवर काय थोपटताय? मला धीर नकोय, मला माहिती हवीये! बोळा चावून माणूस इतका समाधानी दिसतो कसा?

बरं, आता माझं. मला काही झालेलं नाही. थोडं. डावीकडे. महिनाभर. कोणाला सांगितलं नव्हतं, सांगून काय, दातच तर... नाही, नाही म्हणणार. काल दुकानात बसलो होतो, वहिनी डबा घेऊन आली, आणि उभीच राहिली. म्हणाली, 'भाऊजी, ही बशी कशाला?' मी म्हटलं, 'चहाची आहे.' म्हणाली, 'चहाबरोबर खिळे खाता?' मी हसलो. अर्ध्या तोंडानं. आणि तिनं ते बघितलं. बघितलं आणि तिचा चेहरा... ओरडली नाही, रडली नाही, बशी उचलली आणि घेऊन गेली. आज सकाळी चपला घालून दारात उभी. 'चला.' म्हटलं, 'वहिनी, लोकांना आणायचंय आधी.' म्हणाली, 'आणा. मी बरोबर आहे.' रस्त्यात एकदाच बोलली, 'भाऊजी, आईंना आता एकच मुलगा आहे.'

मी सुईला घाबरत नाही. बरं, सुईला घाबरतो. त्या चिमट्यालापण. पण खरं सांगू? आत गेलं की आ करायचा. आ केला की बोलता येत नाही. आणि बोलणं थांबलं, की मला ती काच दिसते. म्हणून बोलतोय हो मी सकाळपासून, हौस नाही मला! बोलतोय तोवर श्वास चाललाय एवढं तरी कळतं...

काय मॅडम? 'पुढचे कोण?' हे काय, हे आपले... मागे कोण आहे? कोणीच नाही? मावशींच्या शेजारी ते बेकरीवाले होते ना? त्यांचंपण झालं? कधी? मी बोलत होतो तेव्हा? आणि शिपाई? अरे, तुझ्यापण तोंडात बोळा? तू कधी गेलास लेका आत!

म्हणजे सगळे झाले. बाक भरलाय आणि खुर्ची रिकामी. म्हणजे मॅडम राहणार ना? राहणार म्हणतायत! बघा, झालं काम, मग माझी काय गरज... उठतोय, वहिनी, उठतोय, ओढू नकोस, पाय आहेत मला. नुसते हलत नाहीयेत एवढंच.

एक काम कराल मंडळी? दार उघडं ठेवा, आणि मी आत असेपर्यंत बोलत राहा. काहीही बोला. भाजीचा भाव, गाडीचं पंक्चर, मला शिव्या घाला मनसोक्त, पण आवाज येऊ दे आत. बाहेर माणसं आहेत, एवढं कळू दे मला. काका, करा सुरुवात. मावशी! मास्तर, जन्मभर वर्गात बोललात, आता पाच मिनिटं... वहिनी, तू तरी? तू का तोंडावर हात दाबून धरलायस? हसतेयस का रडतेयस? आणि मॅडमच्या तोंडावर मास्क.

हं. म्हणजे अख्ख्या दवाखान्यात बोलणारा एकच शिल्लक होता, आणि तोच चाललाय आ करून बसायला.